मधला अर्धा तास

ती स्वयंपाकघर धुवायची. एवढंच सांगितलं की लोक म्हणतात, "हं, म्हणजे भांडीवाली." म्हणोत बापडे. त्यांनी ते स्वयंपाकघर पाहिलेलं नाही, आणि तिला काम करताना तर मुळीच नाही.

तिथे पूर्वी गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. आता खाली पांढऱ्या फरशा, मधोमध स्टीलची दोन लांब टेबलं, एका भिंतीला सहा शेगड्या आणि दोन ओव्हन, समोरच्या भिंतीला लहान मूल पोहेल एवढं सिंक, आणि कोपऱ्यात चक्क आत शिरून उभं राहता येईल असा फ्रिज. ज्यांचा धंदा घरच्या ओट्यावर मावेनासा झालाय, पण स्वतःचं दुकान थाटायची ऐपत नाही, अशा लोकांसाठी हे स्वयंपाकघर. तासांच्या हिशेबाने मिळायचं. दारातल्या फळ्यावर आठवड्याचे चौकोन आखलेले आणि प्रत्येक चौकोनात एकेकाचा स्लॉट. सकाळी सात ते साडेनऊ जॅम, दहा ते बारा केक, साडेबारानंतर माशांची कटलेटं, असं संध्याकाळपर्यंत. दर दोन स्लॉटच्या मध्ये अर्धा तास कोरा ठेवलेला.

तो कोरा अर्धा तास हिचा. म्हणून सगळे तिला अर्धातास मावशी म्हणायचे.

आता विचार करा. माशांची कटलेटं तळून एकजण बाहेर पडतो आणि अर्ध्या तासाने दुसरी बाई त्याच टेबलावर साय घुसळायला घेते. त्या सायीला माशाचा वास लागला तर संपलंच की सगळं! पण अकरा वर्षांत तसं एकदाही झालं नाही. मावशी आधी पंखा पूर्ण वेगात सोडायची, मग टेबलं गरम पाण्याने दोनदा, शेगड्यांचे बर्नर काढून, ओव्हनच्या दाराची रबरी कड बोटाला फडकं गुंडाळून, आणि शेवटी गुडघ्यांवर बसून फरशी. सगळं झालं की खोलीच्या मध्ये उभी राहून डोळे मिटायची आणि दीर्घ श्वास घ्यायची. कसलाच वास आला नाही की मान हलवायची आणि दार उघडायची. पुढच्या माणसाला वाटायचं, हे स्वयंपाकघर आजच बांधून झालंय आणि ते फक्त आपल्यासाठी. असं दुसऱ्याला वाटायला लावणं सोपं काम नाही हो. करून बघा एकदा.

आणि फ्रिजही तिच्याच ताब्यात. तिथला कायदा एका ओळीचा होता, चिठ्ठी नाही तर माल नाही. फ्रिजच्या दाराला कोऱ्या चिठ्ठ्यांचं एक जाडजूड रीळ टांगलेलं असायचं. चिठ्ठीवर तीन ओळी: काय आहे, कधी केलं, कोणी केलं. आत ठेवाल त्यावर ती चिकटवायची. रोज सकाळी साडेसहाला मावशी फ्रिजमध्ये फेरी मारायची आणि ज्याच्यावर चिठ्ठी नाही किंवा अर्धवट भरलेली आहे ते सरळ बादलीत. सात-आठ जणांचं अन्न एकाच फ्रिजमध्ये राहतं. कोणाचं काय, किती दिवसांचं, हे डोळ्यांनी बघून कळत नाही आणि खाणारा तर बिचारा डोळे झाकून खातो. मॅनेजरबाईंचा दुपारचा डबासुद्धा तिने दोनदा फेकला होता. मॅनेजरबाई हसल्या होत्या. जॅमवाले मात्र हसले नव्हते.

ती गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. जॅमवाले म्हणजे गोल पोटाचे, साठीकडे झुकलेले गृहस्थ. त्यांना पहिल्यांदाच एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर मिळाली होती. दोन दिवस संत्र्यांच्या साली बारीक कापून त्यांनी भलंमोठं पातेलं भरून फ्रिजमध्ये भिजत घातलं, आणि आनंदाच्या भरात चिठ्ठी लावायची विसरले. सकाळी सात वाजता आले तेव्हा पातेलं घासूनपुसून पालथं घातलेलं. "अहो, परवाचंच आहे ते! तुम्ही स्वतः बघितलंत मला कापताना!" ते कळवळून म्हणाले. मावशी म्हणाली, "चिठ्ठी नव्हती." झालं. एवढा मोठा माणूस मागच्या पायरीवर बसून रडला. ऑर्डर गेली ती गेलीच. दोन महिने ते तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत आणि त्यानंतर जे बोलले ते "नमस्कार बाई" आणि "येतो बाई", बस्स. बाकी सगळ्यांची ती मावशी, यांची फक्त बाई. तिला ते टोचायचं. पण पातेलं फेकलं ते चुकलं, असं काही तिला कधी वाटलं नाही.

आता घरचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिकडूनच सुरू होते.

मावशीचा नवरा शिंपी. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू एकाएकी लुळी पडली. हळूहळू चालायला लागले, पण बोलणं तोंडातल्या तोंडात अडकायचं आणि चावणं जवळजवळ बंद. दवाखान्यात त्यांच्यासमोर एक वाटी यायची. गाजर, बटाटा, डाळ, जे काही असेल ते सगळं एकत्र घोटून केलेला राखाडी लगदा. जन्मभर लोकांच्या कपड्यांचे रंग जुळवलेला तो माणूस, वाटीकडे बघून भिंतीकडे तोंड फिरवायचा. नर्स म्हणायची, "आजोबा हट्टी आहेत." हट्टी कसले! तुमच्या ताटात असला चिखल वाढला तर तुम्ही काय टाळ्या वाजवाल?

मावशीने त्यांना घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी गाजरं वेगळी शिजवली, वाटाणे वेगळे, बटाटे वेगळे. एकेक चाळणीतून दोनदा गाळलं, इतकं मऊ की जिभेने दाबलं की विरघळावं. कुणात थोडं लोणी, कुणात मिरपूड, कुणात भाजलेला लसूण. आणि एका थाळीत तिन्ही शेजारी शेजारी वाढलं, केशरी, हिरवं, पांढरं. शिंप्याने बराच वेळ नुसतं बघितलं. मग डाव्या हाताने चमचा उचलला. संपवलं, आणि थाळीच्या काठावर चमच्याने एकदा वाजवलं. टक.

तेव्हापासून त्यांची भाषा ठरली. एक टक म्हणजे जमलं. दोन म्हणजे मीठ कमी. तीन म्हणजे हे काय करून ठेवलंयस! तीनवर मावशी कंबरेवर हात ठेवून भांडायची, "अहो, मग स्वतः करा ना!" आणि ते अर्ध्या तोंडाने हसायचे. चार वर्षांत तिने चाळीसेक प्रकार बसवले. मग वरच्या मजल्यावरच्या कवळीवाल्या आजी मागायला लागल्या, मग समोरच्या गल्लीतल्या एकाची आई. लोक भांडं घेऊन दाराशी उभे राहू लागले. आणि इकडे मावशीचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, फरशीवर बसून घासणं आणखी फार तर वर्षभर. त्यानंतर नाही म्हणजे नाही.

तेव्हा ब्रेडवाल्याने दुपारचा स्लॉट सोडला आणि फळ्यावरचा एक चौकोन पुसला गेला. मावशी तीन दिवस त्या पुसलेल्या चौकोनाकडे बघत आली-गेली. चौथ्या दिवशी धीर करून मॅनेजरबाईंच्या टेबलाशी उभी राहिली.

"मला हवाय तो," ती म्हणाली.

मॅनेजरबाई चष्मा शोधत होत्या. तो त्यांच्या डोक्यावरच होता, नेहमीप्रमाणे. "काय हवाय, मावशी?"

"दुपारचा स्लॉट. मऊ जेवण करीन. दात नसलेल्यांसाठी."

मॅनेजरबाईंनी नीट ऐकून घेतलं. पण नियम सगळ्यांना सारखा. नव्या माणसाने एकदा करून दाखवायचं, हजर असलेल्यांनी चाखायचं आणि मग ठरवायचं. मंगळवारी बारा वाजता चाखणी ठरली, पाच मिनिटांचं काम, धुण्याच्या आधी. दुसराही एकजण त्याच चौकोनावर टपून बसला होता, नूडल्सवाला. त्याची चाखणी होऊन गेली होती आणि चांगली झाली होती. मावशीचं जमलं नाही तर स्लॉट त्याला. पुढचा कधी रिकामा होईल कुणास ठाऊक. आधीचा सात वर्षांनी झाला होता. मावशीच्या गुडघ्यांकडे सात वर्षं नव्हती.

सोमवारी दुपारी त्या रिकाम्या स्लॉटमध्ये तिने पहिल्यांदा तिथल्या शेगडीवर पातेलं चढवलं. अकरा वर्षं ज्या शेगड्या घासल्या त्यातली एकही तिने कधी पेटवली नव्हती! गाजरं, मग वाटाणे, मग बटाटे. तिन्ही प्रकार तिने असे गाळले की विचारू नका. ते रात्रभर थंडीत राहिले की घट्ट बसतात आणि दुसऱ्या दिवशी वाफेवर गरम करून वाढले तर थाळीत आकार धरतात, म्हणून आदल्या दिवशीच केलेले. तीन डबे एका ट्रेमध्ये ठेवले आणि रिळावरून एक चिठ्ठी फाडली.

काय आहे? लिहिलं. कधी केलं? लिहिलं. कोणी केलं? पेन तिथेच अडलं.

अकरा वर्षांत तिने हजारो चिठ्ठ्या वाचल्या होत्या, पण लिहिली एकही नव्हती. स्वतःचं नाव तिथे घालायचं म्हणजे तिला कसंसंच झालं. लाजली, दुसरं काय! अठ्ठावन्न वर्षांची बाई, आणि बघायला पाहुणे आल्यासारखी लाजली. 'अर्धातास मावशी' लिहावं? छे, ते बरं दिसत नाही. तेवढ्यात पुढचा माणूस दाराशी आला, हिचं टेबल अजून पुसायचं होतं. चिठ्ठी तिने अॅप्रनच्या खिशात घातली, "लिहिते मग" म्हणून, ट्रे फ्रिजमध्ये सरकवला आणि फडकं उचललं. एकदा हातात फडकं आलं की तिला दुसरं काही सुचायचं नाही. तिथेच घोटाळा झाला.

मंगळवारी सकाळी घरातून निघायच्या आधी तिने अॅप्रनवर इस्त्री फिरवायला घेतली. खिशापाशी काहीतरी कडक लागलं. हात घालून बाहेर काढलं, तर कालची चिठ्ठी.

शिंप्याने चमचा खाली ठेवला. काय झालं, असं भुवयांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. आणि जी निघाली ती गुडघे विसरून.

साडेसहाला कुलूप काढलं तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. फ्रिज उघडला. ट्रे जागच्या जागी. झाकण उचललं तर तिन्ही सुरेख बसलेले, केशरी, हिरवं, पांढरं. चिठ्ठी हातात होती. तिसरी ओळ भरायची आणि चिकटवायची, दहा सेकंदांचं काम. कोण बघत होतं? फेरी मारणारी तीच, पकडणारी तीच. आणि खोटं तरी काय होतं त्यात? तारीख खरी, माल खरा.

मावशी फ्रिजच्या त्या गारठ्यात किती वेळ उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही. "अहो, कालचंच आहे, फक्त चिठ्ठी राहिली." हे वाक्य तिने अकरा वर्षांत किती तोंडांतून ऐकलं होतं! प्रत्येकजण खरंच बोलत होता. जॅमवाले तर शंभर टक्के खरं बोलत होते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी त्यांना साली कापताना बघितलं होतं, तरी पातेलं ओतलं होतं. आज स्वतःसाठी चिठ्ठी चिकटवली, तर मग तेव्हा ते का फेकलं?

तिने ट्रे उचलला. बादलीपाशी आली. आणि आधी गाजर, मग वाटाणे, मग बटाटे. डबा उलटा केला तरी पडेना, इतकं छान बसलं होतं मेलं. चमच्याने खरवडून काढावं लागलं. मग नळ सोडून ती डबे घासायला लागली आणि घासता घासता घळाघळा रडली.

जॅमवाले सातच्या ठोक्याला आले. दारातून "नमस्कार बाई" म्हणाले आणि थबकले. सिंकमध्ये तीन डबे. बादलीत तीन रंग. बाईचे डोळे लाल. काय झालं असेल हे त्यांच्याइतकं चांगलं त्या शहरात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

"फेकलंत?"

"फेकलं."

"स्वतःचं?"

"चिठ्ठी नव्हती," मावशी म्हणाली.

जॅमवाले मागच्या दाराशी गेले आणि त्याच पायरीवर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "सहा वर्षं मला वाटायचं, तुमचा माझ्यावरच राग आहे. वाटायचं, माझ्या जागी दुसरा कुणी असता तर सोडलं असतंत."

"दुसरा कुणी असता तरी फेकलं असतं."

"ते दिसतंय आता." त्यांनी डोळे पुसले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चाखणी किती वाजता? बारा ना? मग उभ्या काय राहिल्यात, ताई? गाजरं आणायला हवीत."

ताई! मावशी बघतच राहिली. मग तिचं डोकं ताळ्यावर आलं. "अहो पण स्लॉट तुमचा आहे. एकाच्या स्लॉटमध्ये दुसऱ्याने शिजवायचं नाही, नियम आहे."

"आणि स्लॉटवाल्याला एक मदतनीस चालतो, हाही नियमच आहे. आज तुम्ही माझ्या मदतनीस. मदतनीस काय ढवळते ते लिहिलंय का कुठे? मी एक शेगडी वापरतो, पाच तुमच्या."

मावशीने मनातल्या मनात नियमांचं पान उलटून पाहिलं. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

कोपऱ्यावरचा भाजीवाला जॅमवाल्यांचा रोजचा. ते पोट सावरत पळत गेले आणि पळत आले. पिशवी उघडून बघितल्यावर मावशीने कपाळाला हात लावला. "फळं बरी निवडता तुम्ही! ही गाजरं आहेत की काठ्या?" जॅमवाले पुन्हा गेले. धापा टाकत दुसरी आणली आणि तिच्यासमोर बसून मुकाट्याने सोलायला लागले. त्यांचा स्वतःचा जॅम एका शेगडीवर एकटाच रटरटत होता.

साडेनऊ वाजले तेव्हा सगळं शिजलं होतं, पण गाळणं बाकी. आणि गाळणं हाच तर सगळा खेळ. घाई केली की धागे राहतात, आणि एक धागा घशात अडकला की म्हाताऱ्या माणसाचा जीव घाबरा होतो. मावशी पातेली घेऊन बाहेरच्या पॅकिंगच्या टेबलाशी बसली आणि चाळणी हातात घेतली. मग दचकून उभी राहिली. "अगंबाई! माझा अर्धा तास!"

केकवाली नुकतीच येऊन अॅप्रन बांधत होती. दोन मुलांची आई, बोलायला लागली की गाडीला ब्रेक नाही. तिला जॅमवाल्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती अर्धं मिनिट गप्प बसली.

"मावशी, तुम्ही गाळा," ती म्हणाली. "अर्धा तास आम्ही करतो."

आणि त्या दोघांनी स्वयंपाकघर धुवायला घेतलं. काय सांगू तुम्हाला ती तऱ्हा! मावशीचे हात चाळणीवर आणि कान दारावर.

"पंखा सोडलात का आधी?"

"सोडला, मावशी!"

"बर्नर काढून घासा, वरून नाही!"

"हे निघतात?" आतून जॅमवाल्यांचा आवाज आला. दहा वर्षं त्याच शेगडीवर जॅम करतो हा माणूस आणि विचारतोय, निघतात का! मग काहीतरी धाडकन पडलं. मग केकवाली खो खो हसली. मग फरशीची पाळी आली. केकवालीने गुडघ्यांवर बसून थोडी घासली असेल-नसेल, तोच तिचं हसणं थांबलं. "बाई गं," ती हळूच म्हणाली. "हे तुम्ही दिवसातून पाच वेळा करता?"

चाळणीत एक टिपूस पडलं असतं, म्हणून मावशीने पटकन मान वळवून खांद्याला डोळे पुसले.

दहा वाजता तिला आत बोलावलं. ती मध्ये उभी राहिली, डोळे मिटले, श्वास घेतला. "संत्र्याचा वास आहे," ती म्हणाली. दोघांचे चेहरे पडले. "असू दे. केकला चालेल." हे वाक्य त्या खोलीने अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. केकवालीने कोपऱ्यातली एक शेगडी तिला वाफवायला दिली, मदतनीस म्हणूनच.

बारा वाजता मॅनेजरबाई आल्या, कटलेटवालाही त्याच्या स्लॉटआधी लवकर येऊन उभा राहिला. मावशीने थाळी वाढली. केशरी, हिरवं, पांढरं. रंग सुंदर आले होते, पण व्हायचं तेच झालं. रात्रभर थंडी मिळाली नव्हती, त्यामुळे आकार धरेना. केशरी हळूहळू हिरव्याकडे सरकायला लागलं.

मॅनेजरबाईंनी तिन्ही चाखलं. परत एकदा चाखलं. "चव फार छान आहे, मावशी. पण हे सैल नाही का झालं? वेगवेगळं राहणं हीच तुमची खुबी, असं तुम्ही म्हणाला होतात."

केकवालीने तोंड उघडलं. मावशीने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

"सैल झालंय, खरं आहे," ती म्हणाली. "कालचं चांगलं होतं. ते बादलीत आहे."

"बादलीत?"

"चिठ्ठी लावायची राहिली. सकाळी मीच फेकलं."

मॅनेजरबाईंनी चमचा खाली ठेवला. एकदा बादलीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. जॅमवाले फरशीकडे बघत उभे होते, नाकाचा शेंडा लाल.

"कुणाला कळलं असतं का?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"नाही."

मॅनेजरबाई डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून बोलू लागल्या. "म्हातारी माणसं, आजारी माणसं. घशाखाली काय चाललंय हे ज्यांना सांगतासुद्धा येत नाही, त्यांचं जेवण. ते कुणाच्या हातात द्यावं, हे मला आज चाखून कळलं नाही, मावशी. बादलीत बघून कळलं." त्या फळ्यापाशी गेल्या, खडू उचलला आणि पुसलेल्या चौकोनात लिहिलं, मऊ जेवण. नूडल्सवाल्याला त्यांनी त्याच दिवशी कळवलं. तो चांगला माणूस, पण त्याच्या गिऱ्हाइकांना दात होते.

केकवालीने मावशीला अशी काही मिठी मारली की दोघींचे अॅप्रन पिठाने एक झाले. मावशी बोलली ती काय, तर "माझ्या स्लॉटनंतरचा अर्धा तास कोण धुणार?"

"मी," जॅमवाले म्हणाले. "बर्नर निघतात, कळलंय मला आता."

सगळे हसले. ते मात्र गंभीरपणे फ्रिजपाशी गेले, रिळावरून एक कोरी चिठ्ठी फाडली आणि पेनासकट तिच्यासमोर धरली. पातेल्यातलं उरलेलं तिने डब्यात भरलं होतं, घरी न्यायला.

"फ्रिजमध्ये नाही ठेवायचं हे," मावशी म्हणाली. "घरी चाललंय."

"तरी लिहा, ताई. तिन्ही ओळी."

तिने लिहिलं. तिसऱ्या ओळीपाशी पेन पुन्हा थांबलं, पण कुणी घाई केली नाही. मग तिने आपलं नाव लिहिलं. लग्नाआधी शाळेच्या वहीवर लिहायची तसं, पुसट नाही, ठळक, एकेक अक्षर सुटं. चिठ्ठी डब्याच्या झाकणावर चिकटवली आणि अंगठ्याने चारही कडा दाबल्या.

घरी शिंपी खिडकीपाशी बसले होते. सकाळपासून त्यांच्या जिवात जीव नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तिने डबा त्यांच्यासमोर ठेवला, शेजारी थाळी आणि चमचा. स्लॉट मिळाला हे सांगायला तोंड उघडलं, पण ते तिकडे बघतच नव्हते. ते झाकणावरची चिठ्ठी वाचत होते. काय आहे. कधी केलं. तिसऱ्या ओळीवर बराच वेळ थांबले.

मग त्यांनी डाव्या हाताने चमचा उचलला आणि झाकणावर एकदा वाजवलं. टक.

"अहो, अजून उघडला कुठे डबा?" ती म्हणाली. "चाखा तरी!"

त्यांनी मान हलवली, नाही. चमच्याचं टोक तिच्या नावाखाली नेलं आणि तिथे पुन्हा एकदा वाजवलं.